टाचणीच्या वीस बेरजा

पहिलीच्या वर्गावर तेवीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना अख्खी शाळा ‘वीसबाई’ म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि रागही नव्हता. पहिलीला एक ते वीसपर्यंतच्याच बेरजा. त्यापुढचं सगळं दुसरीच्या सरांकडे. वरचा वर्ग घ्या म्हणून चार वेळा विचारणा झाली आणि चारही वेळा बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यावरून नणंद दर भेटीत टोला मारायची, “वहिनी, आमच्या लेकाचं गणित अवकाशात पोचलं. तुमचं अजून विसावरच?”

“मग? तुझा लेक विसावरूनच गेला ना अवकाशात? का खिडकीतून उडी मारली त्याने?”

नणंद हसायची, बाईही हसायच्या. पण त्यांच्या लेखी हा विनोद नव्हता. ‘पाच आणि तीन आठ’ हे वाक्य म्हणजे जगातली सगळ्यात अवघड चढण आहे, आणि ती चढून गेलेल्याला मागे वळून पाहिल्यावर ती दिसतच नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. स्वतः त्या ती चढण उशिरा चढल्या होत्या. शाळेत गणितात काठावर पास. पुढे औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. दहा गोळ्यांची पट्टी, दहा पट्ट्यांचा खोका. शेजारच्या टेबलावरच्या बाईची मुलगी सुट्टीत आईबरोबर यायची. जेवणाच्या सुट्टीत वीसबाईंनी सहज रिकाम्या पट्ट्या तिच्यापुढे मांडल्या. पोरगी महिन्याभरात बेरजा करायला लागली आणि शिकवणारीच्याच डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षांनी कारखाना सोडून त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं.

वर्गात त्यांच्या तीन पायऱ्या ठरलेल्या. आधी झाकणं. बाटल्यांची पाचशे झाकणं एका पत्र्याच्या डब्यात होती. इकडे पाच, तिकडे तीन, एकत्र लोटायची आणि मोजायची. मग बोटं. मग टेप. ही टेप त्यांच्या खास अभिमानाची. शिंप्याची टेप असते ना, गळ्यात अडकवलेली, तशी एक त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात काचेवर पसरून छापून घेतली होती. वीस इंच एका कागदावर मावेनात म्हणून दोन कागद जोडले. चौतीस मुलांच्या चौतीस बाकांवर चौतीस कागदी टेपा डिंकाने चिकटवल्या. पाच अधिक तीन? पाचावर बोट ठेवा, तीन उड्या मारा, जिथे पोचाल ते उत्तर. झाकणं सांडतात, बोटं दहाला संपतात. टेप बाकाला चिकटलेली, कुठे जात नाही.

यंदा टेपा चिकटवून आठवडा झाला आणि शाळेने पहिली चाचणी घेतली. वीस बेरजा, वीस गुण. बाई पेपर घरी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाल पेन घेऊन बसल्या. तेविसावा पेपर टाचणीचा.

टाचणी म्हणजे शिंप्याची नात. अंगाने काडी, आणि फ्रॉकच्या कॉलरला कायम एखादी टाचणी खोचलेली. कधीकधी ती शाळेतही तशीच यायची, तेव्हापासून हे नाव पडलं. बोलायची कमी. झाकणांच्या बेरजा मात्र तिने पहिल्या आठवड्यातच हातावेगळ्या केल्या होत्या. त्यामुळे तिचा पेपर घेताना बाईंचा हात सैल होता.

पहिली बेरीज चूक. दुसरी चूक. दहावी चूक. विसावीसुद्धा चूक.

“अहो, ऐकलंत का? वीसपैकी शून्य!”

नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका मिक्सरचं पोट उघडलं होतं. “कोण तो महाभाग?”

“तो नाही, ती. टाचणी.”

“शून्य? एकसुद्धा बरोबर नाही?” त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “अगं, डोळे मिटून उत्तरं ठोकली तरी दोन-चार बरोबर यायला पाहिजेत. आण इकडे.”

पेपर त्याने दिव्याखाली धरला. पाच अधिक तीन, सात. चार अधिक चार, सात. नऊ अधिक दोन, दहा. दोन अधिक एक, दोन.

“सगळीकडे एकच कमी आहे,” तो म्हणाला. “आमच्या धंद्यात असं बघ, मशीन कधी चालतं, कधी बंद पडतं, तर तो बिघाड. रोज न चुकता उलटंच फिरतं, तर तो बिघाड नव्हे. कुणीतरी वायर उलटी जोडलीय.”

“कळलं मला,” बाई निर्धास्त होऊन म्हणाल्या. “उभ्या पायरीची चूक आहे ही. पाचव्या पायरीवर उभं राहून तीन पायऱ्या चढायच्या, तर पोरं उभी आहेत तीच पायरी ‘एक’ म्हणून मोजतात. पाच, सहा, सात. दरवर्षी चार जण करतात. उद्या दोन मिनिटांत सुटेल.”

“आणि हे? सहा अधिक शून्य, पाच? शून्य पायऱ्या चढून पोरगी एक पायरी खाली कशी आली?”

“घाईत लिहिलं असेल हो. तुम्ही मिक्सर बघा.”

तेवीस वर्षांचा अनुभव असा एखादवेळी माणसाच्या डोळ्यांवरच बसतो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मोठ्या बाईंनी निकाल मागवला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वयाने वीसबाईंपेक्षा सात वर्षांनी लहान, पण खुर्चीने मोठ्या. माणूस वाईट नव्हे. नियमाला पक्क्या.

“पाच गुणांच्या खाली एकच आहे,” त्या यादीवर पेन टेकवत म्हणाल्या. “हिला सोमवारपासून बालवर्गात बसवू. आत्ताच मागे घेतलेलं बरं. पाया कच्चा राहिला तर पुढे वर्षानुवर्षं रडेल. त्यापेक्षा दोन दिवस रडलेली काय वाईट?”

“मोठ्या बाई, बालवर्गात तिचा धाकटा भाऊ आहे.”

“मग उलट बरंच. सोबत होईल.”

सोबत! बाईंच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. ज्याच्या बुटाची नाडी ही बांधून देते, ज्याचं नाक ही पुसते, त्याच्या शेजारी त्याच सतरंजीवर बसून ही ‘एक-दोन’ गिरवणार. अशा घावाने मूल रडत नाही. ते गप्प होतं. आणि ही आधीच कमी बोलणारी.

“मला शुक्रवारपर्यंत द्या,” बाई म्हणाल्या.

“चार दिवसांत काय होणार?”

“चूक एकच आहे, वीस वेळा झालेली. सापडली की झालं.”

मोठ्या बाईंनी यादीत टाचणीच्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली. “शुक्रवारी शाळा सुटायच्या आधी मी स्वतः दहा बेरजा तोंडी घेईन. पेनाने तेव्हाच लिहीन.”

मधल्या सुट्टीत बाई टाचणीच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागले.

“पाच अधिक तीन करून दाखव गं. बोट ठेवून.”

टाचणीने पाचावर बोट ठेवलं. उडी, सहा. उडी, सात. उडी, आठ. बोट आठावर थांबलं, नेमकं, इकडे-तिकडे केसभरही नाही. मग तिने पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिलं: सात.

उभ्या पायरीचा सिद्धांत जिथल्या तिथे आडवा झाला.

“बोट कुठेय तुझं?”

“आठावर.”

“मग सात का लिहिलंस?”

टाचणीने बाईंकडे बघितलं, आणि त्या नजरेत थोडी काळजी होती. बाईंना एवढंही कळू नये? “टेपवर आठ आहे ना, बाई,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली, “म्हणून सात.”

“आणि टेपवर सात असतं तर?”

“तर सहा.”

“असं कुणी सांगितलं?”

‘पाणी ओलं असतं असं कुणी सांगितलं’ यावर जेवढं उत्तर असतं तेवढंच तिच्याकडे होतं.

बाईंनी झाकणं आणली. पाच आणि तीन? आठ. बोटं? आठ. टेप? सात. तीच मुलगी, तीच बेरीज, तोच बाक. घंटा झाली. बाईंचा उरलेला दिवस अर्ध्याच लक्षाने गेला. शिकवताना खडू हातात राहून जाई आणि मुलं “बाई, पुढं?” म्हणून आठवण करत.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. “वायर शाळेत उलटी जोडलेली नसेल,” एवढंच तो म्हणाला, “तर घरी जाऊन बघ.”

“शिंप्याच्या घरी काय निमित्त काढून जाऊ? तुमची नात टेपेवरून एक कमी वाचते, असं सांगू?”

“निमित्त हे काय,” त्याने स्वतःच्या पँटची कंबर दोन बोटांनी धरून दाखवली. बटण जिवाच्या आकांताने तग धरून होतं. “सैल करून आण. तुझंही काम, माझंही काम.”

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई पँट पिशवीत घालून निघाल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक कापायचं टेबल, दोन मशिनं, भिंतीवर खुंट्यांना अर्धवट शिवलेले शर्ट, जमिनीवर चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर राजासारखा पहुडलेला टाचणीचा धाकटा भाऊ. एका मशीनवर त्यांची आई. टेबलाशी आजोबा, ज्यांना सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणायची.

“या, या बाई! बसा. पोरीने काही उद्योग केला का?”

“नाही हो मास्तर. यांची कंबर वाढलीय, तेवढी सैल करून हवी.”

“वाढणारच. सुखाची वाढ असते ती,” मास्तर हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू जरा मोकळं पडायचं. “चल गं, माप वाच.”

टाचणी आतून आली. बाईंना बघून दारात थबकली, मग आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. जुनी, पिवळी, आकडे पुसट झालेले. “माझ्या डोळ्यांना आता हे आकडे दिसत नाहीत. वर्ष झालं, मापं हीच वाचते. मी धरतो, ही वाचते, सून लिहून घेते.”

पँट टेबलावर पसरली. मास्तरांनी टेपेचं एक टोक अंगठ्याखाली दाबलं, दुसरं नातीच्या हातात गेलं. टाचणीने वाकून, नखाने रेघ धरून आकडा बघितला. बाईही वाकल्या. नखाखाली अठरा होते.

“सतरा,” टाचणी म्हणाली.

“दुप्पट चौतीस,” मास्तरांनी सुनेला सांगितलं. सुनेने लिहिलं.

बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मास्तर, जरा अंगठा उचला.”

अंगठ्याखाली टेपेचं टोक नव्हतंच. टोकाला असते ती पितळी पत्रीही नव्हती. पहिला इंच कधीच फाटून गेला होता. जिथून टेप सुरू होत होती तिथे छापलेलं होतं: एक.

“हे होय?” मास्तर म्हणाले. “सात वर्षं झाली तुटून. एकापासून धरायचं आणि आलेल्यातून एक सोडायचा. हिशोब चोख. नवी घ्या, नवी घ्या म्हणून सून डोकं खाते माझं. पण बाई, नवी टेप वापरात आली की वर्षभर ताणत जाते. आज चौतीस, उद्या पावणेचौतीस. ही जेवढी ताणायची तेवढी ताणून झालीय. आता माझ्यासारखीच, वाढणार नाही, घटणार नाही.”

बाई स्टुलावर बसल्या. टाचणीने जगात एकच टेप पाहिली होती. टेप म्हणजे काय, तर जी आकडा दाखवते आणि त्यातून एक सोडायचा असतो ती वस्तू. अंगठ्याखाली काय आहे ते तिला कधी दिसलंच नव्हतं. तिचा जन्म होईपर्यंत तो इंच कचऱ्यात गेला होता. आणि इकडे बाईंनी मोठ्या हौसेने चौतीस बाकांवर चौतीस टेपा चिकटवल्या. तेहतीस मुलांनी टेप पहिल्यांदाच पाहिली आणि बाईंनी सांगितलं तसं केलं. चौतिसावीला टेप आधीपासून येत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

“मास्तर, तुमच्याकडे नवी टेप आहे का एखादी? न वापरलेली?”

सुनेने जागचं न हलता खण ओढला. “ही घ्या. मीच आणून ठेवलीय, दोन वर्षांपूर्वी. पाकीटसुद्धा फोडू दिलं नाही बाबांनी.”

बाईंनी नवी टेप टेबलावर उलगडली आणि शेजारी जुनी ठेवली. “टाचणे, ये इकडे. या दोघींमध्ये फरक काय?”

टाचणीने आधी रंग सांगितला. मग वास. मग ती टोकाशी आली आणि थांबली. नव्या टेपेच्या टोकापासून एकाच्या आकड्यापर्यंत तिने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग जुन्या टेपेवर तेच करायला गेली तर बोट टेबलावर पडलं.

“हिला तोंड आहे,” ती म्हणाली. “आपल्या टेपेला तोंड नाही.”

“हां. आता माझ्या वर्गातल्या टेपेला?”

ती आठवत राहिली. रोज तासन्‌तास समोर असलेली वस्तू आठवायला कधीकधी सगळ्यात जास्त वेळ लागतो. “आहे,” ती शेवटी म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. तिने आजोबांकडे पाहिलं. “मग आजोबांची टेप खोटी आहे?”

मशीन थांबलं. बाई दोन्ही टेपांकडे बघू लागल्या. ‘हो’ म्हणावं तर वर्षभर बिनचूक वाचलेली सगळी मापं पाण्यात. ‘नाही’ म्हणावं तर शुक्रवार पाण्यात.

मास्तरच म्हणाले, “माझे पुढचे दात पडलेत. म्हणून मी बोलतो ते खोटं असतं का गं?”

“नाही.”

“फक्त जरा सांभाळून ऐकावं लागतं. तसंच हे. टेप हातात आली की आधी तोंड बघायचं. तोंड शाबूत असेल तर म्हणेल ते खरं मानायचं. नसेल तर एक सोडायचा. आणि पोरी, चूक माझी. सोडायला शिकवलं, का ते सांगितलं नाही.”

“माझीही,” बाई म्हणाल्या. “मी विचारलंच नाही की टेप कुणाला येते म्हणून.”

“माझी नाही ना?” टाचणीने विचारलं.

“तुझी एवढीशीही नाही. तू सगळ्यांचं ऐकलंस.”

निघताना मास्तरांनी पँट शनिवारी देतो म्हणून सांगितलं आणि दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, “बाई, खरं कशासाठी आला होतात?” तेव्हा बाईंनी शुक्रवारचं सांगितलं. म्हाताऱ्याने वळून आत नातीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी येऊ का शाळेत?” बाई म्हणाल्या, “गरज पडणार नाही.” पण गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत त्यांनाच त्याची खात्री राहिली नाही. एका संध्याकाळी कळणं वेगळं. वर्षभराची सवय ऐन वेळी, मोठ्या बाईंच्या समोर, जिभेवर आली तर?

गुरुवारी एक सोपी वाट त्यांच्या मनात येऊन गेली. टाचणीच्या बाकावरची टेप खरवडून काढायची. झाकणांवर ती चुकत नाही, बोटांवर चुकत नाही. शुक्रवारी दहापैकी दहा. कुणाला काही सांगायला नको, आपली चूक कबूल करायला नको. टेप ओली करायला त्यांनी फडकंही भिजवलं. मग बाकापाशी जाऊन पाहिलं तर टाचणीने टेपेच्या सुरुवातीला, एकाच्या आधीच्या कोऱ्या इंचात, पेन्सिलीने दोन ओठ आणि दात काढून ठेवले होते. बाईंनी त्या फडक्याने फळा पुसला.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बोलावणं आलं. टाचणी मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. टेबलाची कड तिच्या हनुवटीला लागत होती. तिच्यामागे वीसबाई. बोलायला त्यांनीच सुरुवात केली. टेप, दुकान, फाटलेला इंच, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “तिच्या वीसच्या वीस बरोबर होत्या. चूक माझ्या शिकवण्यात होती. कुठे लिहायचंच असेल तर तसं लिहा.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “गोष्ट छान आहे. पण मला बेरीज हवी.” त्यांनी खणातून तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी काढून टाचणीसमोर ठेवली. कागदी टेप नाही, झाकणं नाहीत. मुलीने कधी न पाहिलेली जुनी पट्टी. “हिच्यावर कर. नऊ अधिक चार.”

पट्टीचा सराव वीसबाईंनी घेतलाच नव्हता.

टाचणीने पट्टीला हात लावला नाही. आधी तिने मान वाकडी करून पट्टीचं डावं टोक बघितलं. मग उजवं. मग पुन्हा डावं, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून.

“काय शोधतेस?” मोठ्या बाई.

“हिचं तोंड आत आहे,” टाचणी म्हणाली.

“काय?”

“टोकाला नाही. थोडं लाकूड सोडून आत आहे. इथून सुरू होते.” तिने रेघेवर नख ठेवलं.

मोठ्या बाईंनी पट्टी हातात घेतली, चष्मा नीट केला. खरंच, कडेपासून गव्हाच्या दाण्याएवढं लाकूड सोडून पहिली रेघ होती. ती पट्टी सोळा वर्षं त्यांच्या खणात होती आणि रजिस्टरच्या रेघा त्यांनी तिनेच आखल्या होत्या. त्यांनी पट्टी पुन्हा खाली ठेवली. “बरं. नऊ अधिक चार.”

नऊवर बोट. चार उड्या. बोट तेरावर थांबलं. टाचणी थांबली. ओठ हलले आणि मिटले. वीसबाईंनी तिच्या मानेमागून पाहिलं, ती पुन्हा एकदा डाव्या टोकाकडे बघत होती.

“तेरा.”

“दोन अधिक एक.”

“तीन.”

“सहा अधिक शून्य.”

“सहा. उडीच मारायची नाही.”

आणखी सात झाल्या. एकदा, सातव्या बेरजेला, ती “चौदा” म्हणाली आणि लगेच “नाही, पंधरा” म्हणाली, मोठ्या बाईंनी भुवई उचलायच्या आधी. दहा संपल्या तेव्हा मोठ्या बाईंनी यादी पुढे ओढली आणि पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसली. भुगा फुंकून टाकला.

“आता दर मुलाच्या घरी जाणार का, टेप तपासायला?” त्यांनी वीसबाईंना विचारलं. सुरात टोमणा अर्धाच होता.

“नाही. वीसपैकी दहा बेरजा चुकल्या तर वर्गातच बघेन. वीसच्या वीस चुकल्या, तर जाईन.”

“हं,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि पट्टी खणात टाकली.

टाचणी अजून तिथेच उभी. शेवटी तिनेच विचारलं, “मग सोमवारी मी कुठं बसू?”

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ही गोष्ट पोरीला कुणी सांगितली नव्हती असं त्या समजून चालल्या होत्या.

“जिथं बसतेस तिथंच,” मोठ्या बाई म्हणाल्या. “जा.”

ती दारापर्यंत चालत गेली. दाराबाहेर पाऊल पडताच पळाली. बुटांचा आवाज व्हरांडाभर घुमत गेला.

“पळू नकोस गं!” मोठ्या बाई सवयीने ओरडल्या.

“पळू द्या,” वीसबाई म्हणाल्या, आणि वर्गात तेहतीस मुलं बाईंविना काय करत असतील ते आठवून स्वतःही लगबगीने निघाल्या.